डाव्या वळणाचा शंख

मित्रांनो, आपल्या करंगळीचे नख बघा. मी त्याहूनही थोडा लहान आहे. शंख म्हटले की तुम्हाला समुद्र आठवेल, पण मी समुद्र कधी पाहिलेला नाही. मला कानाशी धरून लाटांचा आवाज ऐकायला जाल, तर मीच कानात शिरेन आणि तुमच्या आईला चिमटा शोधत फिरावे लागेल. मी जमिनीवर राहणाऱ्या एका गोगलगाईचे घर होतो. आता एका संग्रहालयात, सातव्या कपाटाच्या तिसऱ्या खणात, काचेच्या नळीत कापसावर पडून असतो. वय झाले आहे, रंग उडाला आहे. तरी घडले ते सारे मला नीट आठवते, आणि ते सांगणारे माझ्याशिवाय आता कोणी उरलेले नाही.

मला कोणा कारागिराने घडवले नाही. मला बांधले तिने, माझ्या आत राहणाऱ्या गोगलगाईने. संग्रहालयाच्या आवाराला लागून पाण्याची एक बंद पडलेली टाकी होती आणि टाकीमागे चुनखडीच्या दगडांची जुनी भिंत होती. गोगलगाय त्या भिंतीचा चुना चाटायची आणि माझ्या तोंडाशी नवा काठ लावायची. हवेत ओल असली की काम, कोरडे पडले की सुट्टी. असे करता करता माझे साडेपाच वेढे पुरे झाले. जगातले बहुतेक शंख उजवीकडे वळतात. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले, की ते तोंड उजव्या हाताला येते. माझे डाव्या हाताला येते. भिंतीवरचे आमचे सगळे घराणेच तसे होते, त्यामुळे आपण जगावेगळे आहोत हे आमच्या गावीही नव्हते.

ते आम्हाला सांगितले झिपरीने.

झिपरी तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेतले नाव चांगले भारदस्त होते, पण केस कधी जागेवर राहत नसत म्हणून सगळे तिला झिपरीच म्हणत. तिचे बाबा या संग्रहालयात शंख-शिंपल्यांचे शास्त्रज्ञ होते. सहकारी त्यांना पाठीमागे शंखोबा म्हणत. आपल्याला ते माहीत नाही, असे बाबा दाखवत. आई त्याच इमारतीत, बाहेरच्या खोलीत टंकलेखिका होती. शाळा सुटली की झिपरी इकडेच यायची आणि दोघांचे काम संपेपर्यंत आवारात हुंदडायची.

एके दिवशी पाऊस नुकताच थांबला होता. झिपरीने मला भिंतीवरून अलगद उचलले, तळहातावर ठेवले आणि इकडून तिकडून पाहिले. मग ती जी पळत सुटली, ती थेट बाबांच्या टेबलापाशी येऊन थांबली.

“बाबा, बघा ना! ही माझ्यासारखी डावखुरी आहे!”

झिपरी डाव्या हाताने लिहायची. शाळेतल्या बाईंना ते खपत नसे. वर्गात तिला उजव्याच हातात पेन धरावे लागे. त्यामुळे स्वतःसारखे कोणीतरी भेटल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

बाबांनी भिंगातून मला पाहिले. “सापडली कुठे?”

“भिंतीवर.”

“अगं, भिंत केवढी मोठी! कुठल्या बाजूला? किती उंचीवर? ऊन होतं का सावली? सगळं चिठ्ठीवर लिही. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे नुसता खडा, झिपरे.”

ती पुन्हा भिंतीकडे पळाली. परत येऊन तिने बाबांचे शाईचे पेन घेतले आणि डाव्या हाताने चिठ्ठी लिहिली. ओल्या शाईवरून हात फिरल्यामुळे अक्षरे जरा फरफटली. चिठ्ठीवर तारीख होती आणि खाली लिहिले होते: “टाकीमागची भिंत, झाडाच्या बाजूने. दगडाच्या फटीत. सावली. जमिनीपासून माझे तीन हात चार बोटे. शोधणारी झिपरी.”

त्यानंतर चार महिने आम्ही तिच्या खिडकीतल्या बरणीत राहिलो. काकडीची साले, भिंतीचा एक दगड, रोज पाण्याचा शिडकावा, अशी आमची बडदास्त होती. पण गोगलगाईचे आयुष्य ते केवढे! एक दिवस ती बाहेर आलीच नाही. झिपरी दोन दिवस जेवली नाही. मग बाबांनी मला स्वच्छ धुतले, वाळवले आणि चिठ्ठीसकट एका काडेपेटीत ठेवले.

“बाबा, हिचं खरं नाव काय?”

“शोधावं लागेल,” बाबा म्हणाले. मग त्यांनी तिला नावांचे शास्त्र समजावून सांगितले. मी काडेपेटीतून ऐकत होतो, म्हणून तुम्हालाही सांगतो. जगात एकाच प्राण्याला गावोगावी निराळी नावे असतात आणि कधी एकाच नावाचे चार निराळे प्राणी असतात. हा घोळ नको म्हणून शास्त्रज्ञांनी ठरवले, की प्रत्येक जातीला जगभर एकच नाव असावे आणि त्या नावाचे दोन भाग असावेत. पहिला भाग आडनावासारखा, सगळ्या जवळच्या भावंडांना मिळून एक. दुसरा भाग ज्याचा त्याचा. नाव ठेवणाऱ्याने एक नमुना कायमचा जपून ठेवायचा. तो त्या नावाचा मूळ नमुना. पुढे कोणाला शंका आली, तर पुस्तकावर विसंबायचे नाही, त्या नमुन्याकडे यायचे. आणि एकाच जातीला दोघांनी नावे ठेवली असतील, तर आधीचे नाव टिकते, नंतरचे बाद होते.

“म्हणजे आधी कोणी ठेवलं नसेल तर आपण ठेवायचं?” झिपरीचे डोळे केवढे तरी झाले.

“आपणच ठेवायचं. बघतो मी.”

पण बाबांचे तेव्हा नदीतल्या शिंपल्यांच्या सूचीचे काम चालले होते. मोठे, अंगावर आलेले काम. काडेपेटी त्यांच्या टेबलाच्या खणात गेली. झिपरी रोज संध्याकाळी दारातून डोकावून विचारायची, “झाली का माझी?” आणि बाबा मान वर न करता म्हणायचे, “एवढी सूची संपू दे गं.” असे एक वर्ष गेले, वर काही महिने गेले. तिचे विचारणे काही थांबले नाही. त्यांची सूचीही संपली नाही.

मग काही दिवस दारात कोणी आले नाही. बाहेरचा टाइपरायटरही गप्प होता. खोली झाडणारे शिपाईमामा कोणाला तरी म्हणाले, पोरीला ताप आहे, उतरत नाही. सहाव्या दिवशी त्यांनी खोली झाडलीच नाही. नुसते स्टुलावर बसून राहिले, आणि टोपीने तोंड पुसत राहिले.

बाबा आले ते तिसऱ्या आठवड्यात. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी चुकलेली. शिपाईमामा म्हणाले, “साहेब, अजून थोडे दिवस घरी बसायचं होतंत.”

“घरी बसवत नाही, मामा,” बाबा म्हणाले. त्यांनी सूचीचे कागद उचलून कपाटावर टाकले, खण उघडला आणि काडेपेटी बाहेर काढली.

अकरा दिवस त्यांनी दुसरे काही केले नाही. भिंगाखाली माझ्या अंगावरच्या रेषा मोजल्या, वेढे मोजले, माझ्या तोंडाच्या आतल्या काठावरचा बारीकसा उंचवटा पाहिला, त्याला दात म्हणतात. जगभरची पुस्तके चाळली. एका फार जुन्या परदेशी पुस्तकात माझ्यासारखेच एक चित्र होते. तेवढीच उंची, तेवढेच वेढे, तशाच रेषा; तोंडातले दात काही चित्रात दिसत नव्हते. पण तो शंख उजव्या वळणाचा होता. बाबांनी पुस्तक मिटले. माझ्यासारखा कोणीच कुठे नोंदलेला नव्हता. ती वर्षभर रोज विचारत होती त्या प्रश्नाला अकरा दिवसांचे उत्तर होते. बाबांनी कपाळ टेबलावर टेकले आणि बराच वेळ उचललेच नाही.

शोधनिबंध आईने टाइप केला. बाहेरच्या खोलीत तिचे यंत्र होते, पण त्या दिवशी ती ते उचलून आतच घेऊन आली. बाबा सांगत गेले, ती टाइप करत गेली. नावाशी येऊन ती थांबली. पहिला भाग लांबलचक आहे, तो आपण सोडून देऊ. दुसरा भाग होता ‘झिपरीए’.

“घरातलं नाव घालताय?” आईने विचारले. “शाळेतलं घाला ना. लोक हसतील.”

“हसू देत. आपण हाक हीच मारायचो.”

“आणि शेवटी हा ‘ए’ कशाला?”

“लॅटिनमध्ये तसं लावतात. झिपरीची, असा अर्थ होतो.”

आईने एकेक अक्षर दाबले. शेवटच्या अक्षरावर तिचे बोट तसेच राहिले. “मला हाक मारल्यासारखंच वाटतंय,” ती म्हणाली.

त्यानंतरची सहा-सात वर्षे माझी मानाची वर्षे. मला काचेची नळी मिळाली आणि नळीला लाल दोरा. लाल दोरा म्हणजे मूळ नमुना, हात लावताना जपून. आतल्या कापसाशेजारी झिपरीची चिठ्ठी घडी करून ठेवली. दूरदूरचे अभ्यासक मला पाहायला येत आणि वहीत नाव लिहून घेत. पण माझी खरी पाहुणी आई होती. दर शनिवारी मधल्या सुट्टीत ती यायची, नळी मागायची, चिमट्याने चिठ्ठी काढून वाचायची आणि पुन्हा तशीच घडी घालून ठेवायची. माझ्याकडे ती फारसे पाहत नसे. मला त्याचे वाईट वाटत नसे. बाबा तेवढा वेळ खिडकीशी उभे राहत. दोघे एकमेकांशी बोलत नसत, पण त्या खोलीत तेव्हा काहीतरी जुळून आल्यासारखे वाटायचे.

मित्रांनो, यापुढचे सांगताना मला जड जाते.

एका दुपारी बाबांनी दुसऱ्याच कामासाठी ते जुने परदेशी पुस्तक काढले. पाने उलटता उलटता ते एका चित्रापाशी थबकले. ती बागेतली साधी गोगलगाय होती. ती उजव्या वळणाची असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण चित्रात ती डाव्या वळणाची होती.

पूर्वी चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत. रबरी शिक्क्यावरची अक्षरे उलटी असतात ना, तसेच. पत्र्यावर सरळ कोरले, तर कागदावर उलटे उमटते. कोरणाऱ्याने आठवणीने उलटे कोरायचे असते. या पुस्तकाचा कोरणारा ते विसरला होता.

बाबा उठले. शिपाईमामांच्या कोनाड्यातला छोटा आरसा घेऊन आले. माझ्यासारखे दिसणारे ते उजव्या वळणाचे चित्र होते, त्या पानाशेजारी त्यांनी आरसा उभा धरला. आरशात मी होतो.

त्यांनी घाई केली नाही, हे मी शपथेवर सांगेन. ज्या संग्रहालयात त्या चित्राचा मूळ नमुना असायला हवा होता, तिथे त्यांनी पत्र लिहिले: कृपया नमुना तपासून कळवावे, उजवा की डावा. आठ महिन्यांनी उत्तर आले. नमुना सापडत नाही. त्यांनी पुन्हा लिहिले, पुन्हा तेच. दोन वर्षे अशी गेली. शेवटी बाबांनी आईला आत बोलावले, पुस्तक उघडले आणि आरसा धरला.

आईने आरशात पाहिले, मग माझ्याकडे, मग त्यांच्याकडे.

“हे अजून कोणाला दिसलंय?”

“कोणाला नाही.”

“मग?”

“मला दिसलंय ना.”

“तुम्हाला दिसलंय,” आई हळूच म्हणाली. “ती वर्षभर दारात उभी राहून विचारत होती, तेव्हा तुम्हाला मान वर करून बघायला फुरसत नव्हती. आणि आता हे बरं दिसलं.”

बाबांचा आरसा धरलेला हात खाली आला.

“तेवढंच उरलंय हो तिचं.”

“मला कळतं. पण खोटं नाव तिच्या नावाने कसं ठेवू?”

“मी टाइप करणार नाही,” आई म्हणाली. “ते नाव मी एकदा टाइप केलंय. ते पुसायला माझे हात चालायचे नाहीत.”

ती गेल्यावर शिपाईमामा पुढे झाले. “साहेब, लहान तोंडी मोठा घास. पण एवढ्या लांबचं, एवढं जुनं पुस्तक कोण उघडणार आहे?”

“मी उघडलं ना, मामा. तसं आणखी कोणीतरी उघडेल. आणि म्हणेल, मुलीसाठी बापाने डोळेझाक केली.”

तो निबंध बाबांनी हाताने लिहून पाठवला. दीड पानाचाच होता. ‘झिपरीए’ हे नाव बाद, जुने नाव ग्राह्य. छापील प्रत आली त्या दिवशी आई खोलीत आली. उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

“नाव गेलं. आता ती चिठ्ठी मला द्या.”

“चिठ्ठी देता येत नाही गं.”

“का?”

“ती नमुन्याची आहे. नाव बाद झालं तरी नमुना टाकत नाहीत. उद्या कोणी तपासायला आलं तर...”

“कोण येणार आहे उद्या?” आईचा आवाज चढला. तिचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. “शाळेच्या वह्या आहेत घरात, सगळ्या उजव्या हाताने लिहिलेल्या. ते तिचं अक्षरच नाही. तिच्या हाताचं एवढंच आहे.”

बाबांनी एक कोरा कागद घेतला, चिठ्ठीवरचा शब्द न् शब्द सुवाच्य अक्षरात उतरवला आणि तो कागद तिच्यापुढे धरला. आईने वाचला.

“‘माझे तीन हात चार बोटे,’” ती म्हणाली. “तुमच्या अक्षरात हे कोणाचे हात झाले?”

तिने कागद टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. पुढे अकरा वर्षे ती त्याच इमारतीत नोकरीला होती. बाहेरच्या टाइपरायटरची टकटक मला रोज ऐकू यायची. पण त्या उंबऱ्याच्या आत तिने पुन्हा पाऊल टाकले नाही. संध्याकाळी दोघे एकाच फाटकातून घरी जात, पण बाबा पुढे आणि आई वीस पावले मागे, असे शिपाईमामा सांगायचे.

चिठ्ठी माझ्यापाशी राहिली. लाल दोराही राहिला, पण नळीला एक नवा कागद चिकटला, ‘बाद नाव’, आणि मी पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत गेलो.

पुढे रस्ता रुंद करायचे ठरले. टाकी आणि तिच्यामागची भिंत मधे येत होती. कामाच्या अधिकाऱ्याने रीतसर पत्र पाठवले: या जागी एखादा दुर्मिळ जीव असल्यास कळवावे. पत्र बाबांकडेच आले. त्यांनी आपल्याच निबंधाला धरून उत्तर लिहिले: येथील गोगलगाय इतर देशांतही आढळते, विशेष असे काही नाही. खाली सही केली. मग त्यांनी बरणी घेतली आणि भिंतीवरून हाताला लागल्या तेवढ्या आठ गोगलगाई आणून संग्रहालयामागच्या विहिरीच्या कठड्यावर सोडल्या. नंतर तीन दिवस यंत्रांची घरघर चालू होती. कपाटातली काचसुद्धा थरथरत होती. ते माझे घर होते, आणि माझे सगळे गणगोत तिथे होते. विहिरीवरच्या आठांपैकी पुढच्या वर्षी एकही दिसली नाही.

बाबा निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत गेले. आपण खरे तेच केले, एवढे तरी समाधान त्यांना असावे, अशी मी मनाची समजूत घालतो. आई नोकरी संपल्यावर लांबच्या गावी भावाकडे राहायला गेली. शिपाईमामाही गेले. खोलीला कुलूप लागले. खणातल्या डांबरगोळ्या विरून गेल्या, छताला ओल आली, शेजारच्या नळ्यांतला कापूस कसरीने खाल्ला. वीस-बावीस वर्षांत मला कोणी हातात घेतले नाही.

मग एक नवी संशोधक आली. तरुण, घाईने बोलणारी, आणि स्वतःशीच मोठमोठ्याने बोलण्याची सवय असलेली. तिने एकेक खण उपसला, एकेक नळी पुसली. माझी चिठ्ठी उलगडून वाचली आणि हसली. “माझे तीन हात! अगं, पण तू केवढी?” असे तिने मलाच विचारले.

तिने सगळ्या बाद नावांची यादी केली आणि त्यांच्या जागी आलेल्या ज्या जुन्या नावांचा मूळ नमुना कोणी पाहिलेला नव्हता, त्या प्रत्येकासाठी जगभर पत्रे धाडली. नेमके तेव्हाच त्या दूरच्या संग्रहालयात कपाटे हलवत होते. ‘अनोळखी’ म्हणून बाजूला टाकलेल्या एका पेटीत त्यांना चिठ्ठी नसलेला एक बारका शंख सापडला. त्याच्या आतल्या काठावर सुईने कोरलेला आकडा होता, आणि तो आकडा त्या जुन्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळला. तो हरवला नव्हताच. त्याची चिठ्ठी तेवढी कधीतरी गळून पडली होती.

त्यांनी तो शंख कापसाच्या चार थरांत गुंडाळून पाठवला. नव्या संशोधक बाईंनी आम्हा दोघांना भिंगाखाली शेजारी ठेवले.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यापुढे काही बोलल्या नाहीत.

तो उजव्या वळणाचा होता. त्याच्या तोंडात दोन दात होते, माझ्या तोंडात एक. पुढे त्यांनी शोधून काढले, की त्या पुस्तकाची चित्रे दोघांनी कोरली होती. एकजण उलटे कोरायला विसरायचा. दुसरा विसरायचा नाही. माझ्यासारखे दिसणारे ते चित्र दुसऱ्याचे होते. ते बरोबर होते. बाबांचा आरसा चुकीच्या पानापाशी धरला गेला होता.

म्हणजे मी वेगळा होतो. नाव खरे होते. सुरुवातीपासून खरे होते. नव्या संशोधक बाईंनी निबंध लिहिला आणि ‘झिपरीए’ हे नाव पुन्हा ग्राह्य झाले. माझ्या नळीवरचा तो कागद त्यांनी ओल्या बोळ्याने सोडवून काढला. झिपरीच्या चिठ्ठीत जागा नेमकी लिहिलेली होती, म्हणून त्या तिथे शोधायलाही गेल्या. रस्त्याच्या कडेला, गटारांच्या दगडांत, आसपासच्या प्रत्येक भिंतीवर त्यांनी तीन पावसाळे शोधले. आमच्यापैकी कोणी सापडले नाही. निबंधाच्या शेवटी त्यांना लिहावे लागले: ही जात बहुधा नष्ट झाली आहे.

नाव परत मिळाल्याचे बाबांच्या घरच्यांना कळवावे आणि झिपरी कोण तेही विचारावे, असे त्यांच्या मनात आले; बाबांच्या निबंधात ते लिहिलेले नव्हते. जुन्या नोकरदारांच्या कागदांतून आईचा पत्ता त्यांनी शोधला आणि छान, लांब पत्र लिहिले. पंधरा दिवसांनी उत्तर आले. ते त्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचले, म्हणून मला कळले.

“आपले पत्र मिळाले. आत्याबाई चार महिन्यांपूर्वी वारल्या. आमचे वडील, म्हणजे त्यांचे भाऊ, त्याआधीच गेले. आपण लिहिलेली झिपरी कोण, हे घरात कोणालाच सांगता आले नाही. आत्याबाईंना मूलबाळ नव्हते, असेच आम्ही समजत आलो. तरी क्षमस्व.”

बाईंनी पत्राची घडी घातली. समोर नोंदवही उघडीच होती. तीत एक रकाना असतो, ‘नाव कोणावरून’. बाई प्रामाणिक आहेत, माहीत नसलेले त्या लिहीत नाहीत. पेन रकान्यावर थोडा वेळ धरून त्यांनी पुन्हा टोपणात घातले.

मित्रांनो, त्या परक्या शंखाची चिठ्ठी कधी गळाली, कोणाला माहीत नाही. कोणी खण जरा जोरात लावला असेल. कोणी कागदाचा कपटा समजून फुंकर मारली असेल. त्याच्या मनात काही वाईट नसणार. पण त्या कपट्यापायी एका मुलीचे नाव पुसले गेले, एक भिंत गेली, माझे घराणे गेले, आणि एकाच घरातली दोन माणसे उरलेला जन्म एकमेकांपासून वीस पावलांवर चालत राहिली. तुमच्या हाती कधी एखादा नमुना आला, जुनी वस्तू आली, जुना फोटो आला, तर त्याची चिठ्ठी जपा. नसेल तर लिहा. आणि त्यावरचे नाव कोणाचे, हे सांगणारी माणसे आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून विचारून घ्या.

तो रकाना अजून कोरा आहे. मी त्याच खोलीत, चार हातांवर आहे आणि मला लिहिता येत नाही. तुम्हाला येते. कधी इकडे आलात, तर बाईंना सांगा, एवढेच लिहा म्हणावे: आत्याबाईंना मूल होते. मुलगी होती.